सभागृहाची किल्ली

अमेरिकेतल्या जाहीर व्याख्यानांची परंपरा विद्यापीठांत नव्हे, गावागावांत रुजली. १८२६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या मिलबरी गावी जोसाया होलब्रुक याने शेतकरी आणि कारागिरांच्या परस्पर-शिक्षणासाठी एक मंडळ काढले. त्याला नाव मिळाले ‘लायसियम’. पुढच्या काही वर्षांत ईशान्येकडच्या गावांत अशी मंडळे भराभर निघाली. वर्गणी भरून सभासद व्हायचे, दरवर्षी चिटणीस आणि संचालक निवडायचे, आणि शेतीची कामे थंडावली की हिवाळाभर आठवड्याला एक व्याख्यान ठेवायचे. विषय निरुपद्रवी असत: वाफेचे यंत्र, दगडांचे थर, दूरदेशीचे प्रवास. पक्षीय राजकारण आणि धर्मपंथांचे वाद शक्यतो बाहेर ठेवावेत, असा बहुतेक मंडळांचा संकेत होता.

हा संकेत मोडला तो गुलामगिरीच्या प्रश्नाने. तेव्हापासून आजपर्यंत अमेरिकेतल्या व्याख्यानपीठाचा इतिहास जितका वक्त्यांचा, तितकाच सभागृहाचा आहे. जागा कोणाची, दार कोणाला उघडे, पैसा कोणाचा आणि भाषण संपल्यावर माइक कोणाच्या हाती, या व्यवहारी गोष्टींवर तिथे कायदा, न्याय आणि संस्कृती यांविषयी काय बोलले जाईल हे ठरत आले. वक्त्यांची चरित्रे उदंड आहेत; या व्यवहाराकडे मात्र फारसे कोणी बघत नाही.

कॉन्कर्डचा चिटणीस

कॉन्कर्ड गावचे लायसियम १८२९ मध्ये सुरू झाले. हेन्री डेव्हिड थोरो हा त्याचा काही काळ चिटणीस आणि संचालक होता. अरण्यात एकटा राहणारा माणूस म्हणून जगाला ठाऊक असलेला थोरो इथे वक्त्यांना पत्रे लिहिणे, हॉल तापवण्याची आणि दिव्यांची सोय बघणे, हिशेब ठेवणे अशी कामे करत होता. एका हंगामात सुमारे १०० डॉलरांत त्याने २५ व्याख्याने पार पाडली. राल्फ वॉल्डो इमर्सनसारखा वक्ता गावचाच असल्याने ते साधले, हेही खरे. इमर्सनने आयुष्यभरात सुमारे १५०० व्याख्याने दिली. त्याचे बरेचसे निबंध आधी व्यासपीठावर घासूनपुसून मगच छापखान्यात गेले.

वेंडेल फिलिप्स हा गुलामगिरीचा कडवा विरोधक. त्याला बोलावण्यावरून १८४०च्या दशकात कॉन्कर्डमध्ये वाद पेटला. मंडळ ज्ञानप्रसारासाठी आहे, चळवळीसाठी नाही, असे काही प्रतिष्ठितांचे म्हणणे होते. सभासदांनी कौल दिला आणि फिलिप्स बोलला. १८४५ मध्ये थोरोने त्याच्या भाषणाचा वृत्तान्त ‘लिबरेटर’ या गुलामगिरीविरोधी पत्राला पाठवला. त्यात भाषणाइतकेच महत्त्व त्याने गावाने वक्त्याला बोलू दिले या गोष्टीला दिले. पुढे १८४८ मध्ये नागरिकाचे सरकारशी नाते काय, यावर थोरो स्वतः याच मंडळापुढे बोलला. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचलेला सविनय कायदेभंगावरचा निबंध मुळात हे व्याख्यान होते. गावच्या शेजाऱ्यांसमोर, आपण कर का भरला नाही हे सांगण्यासाठी दिलेले.

न्यू बेडफर्ड या बंदराच्या गावी उलट घडले. तिथल्या लायसियमने १८४५ मध्ये कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारले. इमर्सन आणि गुलामगिरीविरोधी वकील चार्ल्स सम्नर या दोघांनीही मग तिथे व्याख्यान द्यायला नकार दिला. वक्त्याने बहिष्कार घालावा की जाऊन तिथेच सुनावावे, हा पेच तेव्हाचा. अमेरिकेत तो अजून सुटलेला नाही.

चार दिवसांचा हॉल

फिलाडेल्फियात गुलामगिरीविरोधी संस्थांना चर्च मिळेना, भाड्याचे हॉल मिळेनात. आग लागेल, खिडक्या फुटतील, या भीतीने मालक नकार देत. शेवटी या मंडळींनी स्वतःच बांधायचे ठरवले. २० डॉलरांचा एक असे भागरोखे विकून ४०,००० डॉलर उभे केले. ज्यांच्याकडे रोख पैसे नव्हते त्यांतल्या काहींनी मजुरी आणि सामान दिले. ‘पेनसिल्व्हेनिया हॉल’ १४ मे १८३८ रोजी उघडला. कोणत्याही विषयावर मोकळेपणी बोलता यावे, एवढाच त्याचा हेतू होता.

१६ तारखेच्या संध्याकाळी अँजेलिना ग्रिमकी बोलायला उभी राहिली. दक्षिणेतल्या गुलाममालकाच्या घरात वाढलेली ही बाई स्त्री-पुरुषांच्या मिश्र सभेपुढे बोलते, आणि सभेत गोरे-काळे शेजारी बसतात, या दोन्ही गोष्टी बाहेर जमलेल्या जमावाला सहन होईनात. दगडांनी खिडक्या फुटत असताना ती तासभर बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी महापौर आला. सभा रद्द करा आणि किल्ल्या माझ्या हवाली करा, असे त्याने सांगितले. त्याने हॉलला कुलूप लावले, जमावाला शांतपणे घरी जायची विनंती केली आणि तो निघून गेला. जमाव गेला नाही. त्याने दरवाजे फोडून आत आग लावली. बंबवाल्यांनी आजूबाजूच्या इमारती भिजवल्या, हॉल जळू दिला. उद्घाटनाला चार दिवसही झाले नव्हते.

त्याच वर्षी जानेवारीत इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला तरुणांच्या लायसियमपुढे २८ वर्षांचा एक वकील नेमक्या याच विषयावर बोलून गेला होता: जमावाचा न्याय आणि कायद्याचा आदर. दोन-तीन महिन्यांपूर्वी त्याच राज्यात एलायजा लव्हजॉय या संपादकाचा जमावाने खून केला होता. अब्राहम लिंकनने त्याचे नाव घेतले नाही. पण छापखाने नदीत फेकणे आणि संपादकांना गोळ्या घालणे यांचा उल्लेख केला. ऐकणाऱ्यांना नाव सांगायची गरज नव्हती.

तळघरातले व्यासपीठ

न्यूयॉर्कमध्ये पीटर कूपर या कारखानदाराने १८५९ मध्ये गरिबांच्या फुकट शिक्षणासाठी ‘कूपर युनियन’ उभारले आणि त्याच्या तळघरात ‘ग्रेट हॉल’ बांधला. खांबांची गर्दी असलेला हा हॉल आजही वापरात आहे. श्रीमंतांच्या नाट्यगृहांसारखी प्रतिष्ठा त्याला नव्हती, पण शहरातल्या कष्टकरी वस्तीपासून तो चालत जाण्याच्या अंतरावर होता. सभागृहाचा पत्ता श्रोते निवडतो, हे कूपरला उमगले होते असे मानायला हरकत नाही.

लिंकनला खरे तर ब्रुकलिनच्या प्लिमथ चर्चमध्ये बोलायचे आमंत्रण होते, २०० डॉलर बिदागीवर. ऐनवेळी जागा बदलून ते भाषण कूपर युनियनला आले. २७ फेब्रुवारी १८६० च्या त्या रात्री तिकीट होते २५ सेंट. भाषणाची तयारी एखाद्या खटल्यासारखी होती. राज्यघटनेवर सह्या करणाऱ्या ३९ जणांनी गुलामगिरीचा प्रसार रोखण्याबाबत पुढे कुठे कसे मत दिले, हे लिंकनने जुने दप्तर चाळून काढले होते. त्यांतल्या २१ जणांच्या, म्हणजे बहुमताच्या, कृतीतून केंद्राचा अधिकार त्यांना मान्य होता असे त्याने दाखवले. आज ज्याला निवडणुकीचे भाषण म्हणतात त्यात इतका पुरावा कोणी ऐकून घेईल का, ही शंका रास्त आहे. त्या रात्री लोकांनी ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी भाषण पूर्ण छापले.

त्याच तळघरात १८७० मध्ये लाकोटांचा नेता रेड क्लाउड बोलला. सरकारने आपल्या लोकांशी केलेले करार कसे मोडले, हे त्याने दुभाष्यामार्फत न्यूयॉर्ककरांना सांगितले. पण हॉलचे सामर्थ्य सर्वांत स्पष्ट दिसले ते २२ नोव्हेंबर १९०९ ला. ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्यांतल्या मुलींची सभा होती. मोठमोठे कामगार नेते दोन तास सबुरीचा सल्ला देत राहिले. संप करायचा की नाही, यावर कोणी ठाम बोलेना. तेव्हा श्रोत्यांतली क्लारा लेमलिच उठली. वय २३, काही आठवड्यांपूर्वी गुंडांकडून मार खाल्लेली. मला बोलायचे आहे, म्हणत ती व्यासपीठावर गेली आणि यिडिश भाषेत चार-दोन वाक्यांत तिने सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. अध्यक्षांनी ठराव मताला टाकला आणि सभेने हात उंचावून शपथ घेतली. २०,००० हून अधिक कामगार, त्यांत बहुसंख्य तरुण मुली, संपावर गेले. ठरलेल्या वक्त्यांच्या यादीत तिचे नाव नव्हते. अध्यक्षांनी तिला खाली बसवले असते, तर त्या रात्रीचा वृत्तान्त वेगळा झाला असता.

५ जुलै

फ्रेडरिक डग्लसला त्याच्या गोऱ्या सहकाऱ्यांनी सुरुवातीला सुचवले होते, की त्याने गुलामीतले अनुभव तेवढे सांगावेत. त्यांचा अर्थ ते लावतील. डग्लसने आत्मचरित्रात हे लिहून ठेवले आहे. व्याख्यानपीठावर कोणाला साक्षीदार म्हणून उभे करायचे आणि कोणाला विचारवंत म्हणून, हा भेदभाव दारावरच्या भेदभावाहून सूक्ष्म असतो. डग्लसने तो फार काळ चालू दिला नाही.

१८५२ मध्ये रॉचेस्टरच्या गुलामगिरीविरोधी महिला मंडळाने त्याला स्वातंत्र्यदिनाच्या भाषणासाठी बोलावले. तो ४ जुलैला नव्हे, ५ जुलैला कोरिंथियन हॉलमध्ये बोलला. भाषणाची रचना कसबी आहे. बराच वेळ राष्ट्रसंस्थापकांची मोकळी स्तुती चालते, श्रोते सैलावतात. मग वक्ता विचारतो, की या सणात गुलामाचा वाटा काय, आणि तिथून पुढे गुलामांचा बाजार, पळालेल्यांना परत धरून देणारा कायदा, मूग गिळून बसलेली चर्चे, एकेकाचा हिशेब होतो. शेवटी मात्र तो घटनेवर विश्वास ठेवतो. ती गुलामगिरीची सनद नाही, असे त्याचे प्रतिपादन होते.

मॅसॅच्युसेट्समध्ये आता हे भाषण गावोगाव जाहीरपणे वाचले जाते. ‘मास ह्युमॅनिटीज’ ही राज्यस्तरीय संस्था त्याला मदत करते. पद्धत साधी आहे. भाषणाचे तुकडे पाडलेले कागद असतात, लोक एकामागून एक येतात, आपला परिच्छेद वाचतात आणि बाजूला होतात. वाचणाऱ्यांत नगरसेवक असतो, शाळकरी मुलगी असते, नुकताच नागरिक झालेला परदेशी असतो. काही जण अडखळतात, कारण एकोणिसाव्या शतकातली वाक्ये लांबलचक आहेत. वाचन संपले की चर्चा. नामवंत वक्ता लागत नाही, बिदागी लागत नाही. आणि ‘तुमचा सण’ हे शब्द गोऱ्या माणसाच्या तोंडून येतात तेव्हा त्याचे त्यालाच ते नीट ऐकू येतात.

तंबू, बिदागी आणि पंडिता रमाबाई

यादवी युद्धानंतर व्याख्यान हा धंदा झाला. जेम्स रेडपाथ याने १८६८ मध्ये बॉस्टनमध्ये वक्त्यांची कचेरी उघडली. गावच्या मंडळाने मागणी करायची, कचेरीने वक्ता, गाडी आणि तारीख ठरवायची आणि आपली टक्केवारी कापून घ्यायची. मार्क ट्वेन या जाळ्यातून फिरला. १८७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा सरोवराकाठी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळांतल्या शिक्षकांचे उन्हाळी शिबिर सुरू झाले आणि हळूहळू तिथे विज्ञान, संगीत, राजकारण सगळे आले. १९०४ पासून कीथ व्हॉटर याने ही कल्पना तंबूत घालून फिरती केली. एका गावचा तंबू उतरेपर्यंत दुसऱ्या गावचा उभा राही आणि वक्ते रोज रेल्वेने पुढे सरकत. मेख करारात होती. ठरलेली तिकिटे विकली गेली नाहीत तर तूट गावातल्या सही करणाऱ्या प्रतिष्ठितांनी भरायची. म्हणून गावाला न आवडणारे बोलणारा वक्ता सहसा येत नसे. रसेल कॉनवेल याचे ‘घराच्या अंगणातच हिरे आहेत’ अशा आशयाचे व्याख्यान ६,००० हून अधिक वेळा झाले. वंशभेदावर तितके बोलायला कोणी आल्याची नोंद नाही. १९२४ च्या सुमारास हे तंबू भरात होते. मोटार, सिनेमा आणि रेडिओ यांनी ते लवकरच उठवले.

याच व्याख्यानी अमेरिकेत पंडिता रमाबाई १८८६ मध्ये पोहोचल्या. ११ मार्चला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ होता, त्यासाठी त्या आल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. महिला मंडळे, चर्चे, मद्यपानबंदीच्या सभा अशा तयार जाळ्यातून त्या शहरोशहरी बोलल्या. महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांच्या प्रस्तावनेसह त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि व्याख्यानांच्या जोडीने विकले गेले. त्याच वर्षअखेर बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षे उचलायचे ठरवले. ११ मार्च १८८९ ला मुंबईत उघडलेले ‘शारदा सदन’ उभे राहिले ते या पैशावर. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या मराठी प्रवासवृत्तात अमेरिकन बायकांच्या संघटनशक्तीचे मोकळे कौतुक आहे, तसेच तिथल्या वर्णद्वेषावर टीकाही. त्यापूर्वी १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केले होते. फुल्यांनी तो देश दुरून पाहिला. रमाबाईंनी त्याची सभागृहे आतून पाहिली.

भाषणानंतरचा अर्धा तास

वक्त्याने बोलावे आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवून घरी जावे, हा प्रकार विसाव्या शतकात अपुरा वाटू लागला. बॉस्टनमध्ये जॉर्ज कोलमन याने १९०८ मध्ये ‘फोर्ड हॉल फोरम’ सुरू केला. रविवारची संध्याकाळ, प्रवेश फुकट, आणि भाषणानंतर श्रोत्यांचे प्रश्न झालेच पाहिजेत. बॉस्टनमध्ये संततिनियमनावर बोलायला मार्गारेट सँगर यांना मनाई होती, तेव्हा १९२९ मध्ये त्या फोरमच्या कार्यक्रमात तोंडाला पट्टी लावून उभ्या राहिल्या आणि इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनी त्यांचे भाषण वाचून दाखवले. याच मंचावर पुढे कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्सही आले आणि भांडवलशाहीच्या समर्थक लेखिका आयन रँडही. दोघांच्या श्रोत्यांना एकमेकांचे तोंड बघायची इच्छा नसावी.

प्रश्न घेण्याच्या दोन तऱ्हा आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०३ साली स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ क्लबमध्ये श्रोते कार्डावर प्रश्न लिहून देतात आणि सूत्रसंचालक त्यांतून निवडतो. वेळ वाचतो, भाषणबाजी टळते, तिखट प्रश्न मात्र खिशात राहू शकतो. क्लीव्हलँडच्या सिटी क्लबची, १९१२ पासूनची, बढाई वेगळी आहे. तिथे प्रश्न आधी तपासले जात नाहीत. दुपारचे जेवण, भाषण, मग माइकपाशी रांग, आणि सगळे रेडिओवर. शाळेतली मुले खास बोलावलेली असतात, आणि त्यांचे प्रश्न बहुधा सर्वांत थेट असतात. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ ला, रॉबर्ट केनेडी याच क्लबपुढे हिंसेविषयी मोजकेच बोलले. प्रचारातले बाकीचे कार्यक्रम त्यांनी रद्द केले होते.

रेडिओने हाच प्रयोग देशभर नेला. ‘अमेरिकाज टाउन मीटिंग ऑफ द एअर’ हा कार्यक्रम ३० मे १९३५ ला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधून सुरू झाला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्यांच्या संस्थेने १९२१ मध्ये बांधलेल्या या सभागृहात श्रीमंतांसाठी वेगळे कक्ष मुद्दाम ठेवले नव्हते. पहिला विषय होता: फॅसिझम, साम्यवाद, समाजवाद की लोकशाही? सूत्रसंचालक जॉर्ज डेनी घंटा वाजवत, विरुद्ध मतांचे वक्ते बोलत, श्रोते ओरडून प्रश्न विचारत. वाचनालयांत लोक रेडिओभोवती जमून ऐकत आणि नंतर आपापसांत वाद घालत.

भिंतीपलीकडून

उत्तर कॅरोलायनाच्या विधिमंडळाने जून १९६३ मध्ये घाईघाईने एक कायदा केला. साम्यवाद्यांना, आणि चौकशीत गप्प राहण्याचा घटनात्मक हक्क वापरलेल्यांना, सरकारी महाविद्यालयांच्या आवारात बोलायला बंदी. गुलामांच्या उठावांचा इतिहास लिहिणारे हर्बर्ट ॲप्थेकर यांत सापडले. मार्च १९६६ मध्ये चॅपेल हिलच्या विद्यार्थ्यांनी त्यांना बोलावले. आवाराची हद्द म्हणजे एक बुटकी दगडी भिंत. ॲप्थेकर बाहेर नगरपालिकेच्या पदपथावर उभे राहिले, विद्यार्थी आत हिरवळीवर बसले, आणि भाषण भिंतीवरून झाले. विद्यार्थी मग न्यायालयात गेले. १९६८ मध्ये कायदा संदिग्ध ठरवून रद्द झाला.

आता आरडाओरडा सभागृहातूनच होतो. मिडलबरी महाविद्यालयात मार्च २०१७ मध्ये चार्ल्स मरे यांना विद्यार्थ्यांनी बोलू दिले नाही. भाषण दुसऱ्या खोलीतून कॅमेऱ्यावर झाले, आणि बाहेर पडताना संवाद चालवणाऱ्या प्राध्यापिकेला दुखापत झाली. मरे यांच्या वंश आणि बुद्धिमत्तेवरच्या लेखनाला विरोध करायला विद्यार्थ्यांकडे सबळ कारणे होती; प्रश्नोत्तरांची वेळ ठेवलेली असताना त्यांनी ती वापरली नाही.

१२ ऑगस्ट २०२२ ला शटॉक्वाच्या खुल्या सभामंडपात मुंबईत जन्मलेले कादंबरीकार सलमान रश्दी यांच्यावर चाकूहल्ला झाला. विषय होता, परागंदा लेखकांना अमेरिका देत असलेला आसरा. रश्दींचा एक डोळा गेला. १० सप्टेंबर २०२५ ला युटा व्हॅली विद्यापीठाच्या मोकळ्या आवारात विद्यार्थ्यांचे प्रश्न घेत असताना उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांची गोळी घालून हत्या झाली. दोघांच्या विचारांत काही साम्य नाही. दोघांसमोर श्रोते मात्र मोकळ्या मनाने, अंगझडतीशिवाय बसले होते. शटॉक्वात त्यानंतर पिशव्यांवर बंधने आली, धातुशोधक आले. लहान वाचनालयांना हा खर्च झेपत नाही.

वाचनालयांपुढे दुसरा प्रश्न पैशाचा आहे. गावपातळीवरच्या व्याख्यानांना आणि सामूहिक वाचनांना आधार देतात त्या ५६ राज्य आणि प्रदेशस्तरीय मानव्यविद्या परिषदा, आणि त्यांच्या निधीचा मोठा भाग संघराज्याच्या राष्ट्रीय निधीतून येतो. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने ही अनुदाने अचानक रद्द केली. मेलन फाउंडेशनने तातडीची मदत म्हणून दीड कोटी डॉलर दिले, परिषदांनी न्यायालयात धाव घेतली, आणि ऑगस्टमध्ये ऑरेगनच्या संघीय न्यायाधीशांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला. मधल्या काळात कित्येक परिषदांनी कर्मचारी कमी केले आणि कार्यक्रम पुढे ढकलले.